डॉ. एरिक फॉन विलेब्रांड ह्यांचे चरित्र

शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या एका स्त्रीची हकीकत आहे, ती आमच्या वाचकांस लहानपणापासून ठाऊक आहे. तिने पुष्कळ वैद्य केले, जवळ होते नव्हते ते सर्व खर्चिले, तरी तिला गुण आला नाही. आणि शेवटी ती गर्दीतून, कोणास न कळत, मागून आली. ही हकीकत आपण नेहमी तिच्या विश्वासाकरिता वाचतो, व ते योग्यच आहे. परंतु ती उघडपणे समोर न येता मागून का आली, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. जे दुखणे चारचौघांत बोलता येत नाही, त्याला औषधही उशिरा मिळते. आमच्या मंडळ्यांतही अशा बहिणी आहेत. महिन्याचे आठ-आठ, दहा-दहा दिवस त्यांच्या अंगावरून जाते, चेहरा पांढरा फटफटीत पडतो, पाण्याची घागर उचलताच दम लागतो. तरी बाईच्या जन्माला हे असायचेच, असे समजून त्या पुन्हा कामाला लागतात. म्हणून ज्या एका डॉक्टराने ह्या दुखण्याचे एक दडून राहिलेले कारण शोधून काढले, त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

एरिक आडोल्फ फॉन विलेब्रांड ह्यांचा जन्म १ फेब्रुवारी १८७० रोजी फिनलंड देशातील वासा ह्या गावी झाला. फिनलंड हा यूरोप खंडाच्या उत्तरेकडील थंड मुलूख आहे. त्या काळी तो रशियाच्या बादशहाच्या अमलाखाली होता, व पुढे १९१७ साली स्वतंत्र झाला. तेथील बहुतेक लोक लूथरच्या पंथाचे ख्रिस्ती होते. वासा हे गाव पश्चिम किनाऱ्यावर असून त्या बाजूस स्वीडिश भाषा बोलणाऱ्यांची वस्ती बरीच आहे. विलेब्रांड ह्यांचे घराणेही स्वीडिश बोलणारे होते. त्यांचे वडील सरकारी इंजिनियर होते. लहानपणी एरिक ह्यास झाडे, पक्षी व फुलपाखरे ह्यांचा मोठा नाद होता. किनाऱ्यावरील रानावनात हिंडावे, एखादे पान किंवा किडा उचलून त्याचे बारकाईने निरीक्षण करावे, असा त्याचा क्रम असे. निरीक्षणाची ही सवय पुढे रोग्याच्या बिछान्याशी त्याच्या उपयोगी पडली.

१८९० साली त्यांनी हेलसिंकी येथील विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासास आरंभ केला व १८९६ साली ते डॉक्टर झाले. विद्यार्थिदशेत त्यांनी ऑलंड नावाच्या बेटांवरील आरोग्यस्नानाच्या ठिकाणी उन्हाळ्यात दुय्यम डॉक्टराचे काम केले होते. ही बेटे फिनलंड व स्वीडन ह्यांच्या मधल्या समुद्रात आहेत. ह्याच बेटांशी आपले नाव कायमचे जोडले जाणार आहे, हे त्या वेळी त्या तरुणाच्या ध्यानीमनीही नसेल. पुढे १८९९ साली त्यांनी मोठ्या पदवीकरिता जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय असा होता की, शरीरातून बरेच रक्त गेल्यानंतर उरलेल्या रक्तात कोणते फेरबदल होतात. रक्त हा त्यांच्या अभ्यासाचा विषय येथपासूनच झाला. १९०० साली त्यांचे लग्न झाले व त्यांस दोन मुली झाल्या.

त्यांच्या आयुष्यातील बहुतेक काम हेलसिंकी येथील डीकनेस संस्थेच्या इस्पितळात झाले. ह्या संस्थेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १८३६ साली जर्मनीतील कायझरस्वर्थ गावी पाळक फ्लीड्नर ह्यांनी, ख्रिस्ती स्त्रियांनी रोग्यांची व गरिबांची सेवा हेच आपले व्रत समजावे, ह्या हेतूने एक संस्था काढली होती. तिच्या नमुन्यावर यूरोपात ठिकठिकाणी अशा संस्था निघाल्या. फिनलंडात १८६७ साली, भयंकर दुष्काळ व साथी चालू असता, ऑरोरा करम्झिन नावाच्या श्रीमंत विधवेने हेलसिंकीत अशीच संस्था स्थापिली. विलेब्रांड डॉक्टर झाल्यावर प्रथम येथेच मदतनीस झाले, व पुढे पुष्कळ वर्षे औषधोपचार विभागाचे काम त्यांनी येथेच केले. १९०८ सालापासून ते विद्यापीठात शिकवीतही असत. मधुमेहावर इन्शुलिन निघाल्यावर फिनलंडात ते औषध प्रथम वापरणाऱ्या डॉक्टरांत त्यांची गणना होते. तथापि जगाने त्यांचे नाव लक्षात ठेविले ते ह्या कशासाठीही नव्हे, तर एका लहान मुलीसाठी.

१९२४ साली ऑलंड बेटांपैकी फग्ले ह्या बेटावरून एक पाच वर्षांची मुलगी हेलसिंकीस त्यांच्याकडे आणण्यात आली. तिच्या नाकातून व हिरड्यांतून वारंवार रक्त येई. किंचित धक्का लागला तरी अंगावर काळेनिळे डाग उठत. आणि तिसऱ्या वर्षी ओठाला झालेली एक जखम इतकी वाहिली होती की, ती मरता मरता वाचली होती. तिच्या घरी पुष्कळ भावंडे होती व त्यांतील बहुतेकांस हाच विकार होता. तिच्या कित्येक बहिणी लहानपणीच रक्त वाहून वारल्या होत्या. आईच्या व बापाच्या, दोन्ही घराण्यांत रक्त न थांबण्याचा हा विकार होता. अशा घरातील मातेने आपल्या उरलेल्या लेकरास घेऊन समुद्र ओलांडावा, ह्यात तिचे दुःख किती असेल, हे ज्यांनी लेकरे पुरली आहेत त्यांस निराळे सांगावयास नको.

त्या वेळी डॉक्टर लोकांस रक्त न थांबण्याचा एक आनुवंशिक रोग चांगला माहीत होता. त्यास हीमोफिलिया म्हणतात. रशियाच्या शेवटल्या बादशहाच्या मुलास तो होता, म्हणून त्याचा बोभाटा जगभर झाला होता. हा रोग आईकडून मुलास येतो, परंतु त्याचा उपद्रव बहुधा पुरुषांसच होतो. ह्यावरून असा समज रूढ झाला होता की, रक्त न गोठण्याचा रोग म्हणजे पुरुषांचाच रोग. मग एखाद्या स्त्रीस अतिशय रक्तस्राव होऊ लागला, तर त्याचे कारण तिच्या गर्भाशयात शोधावयाचे, तिच्या स्वभावात शोधावयाचे, किंवा मुळीच शोधावयाचे नाही, असे चाले. तिच्या रक्तातच काही उणे असेल, हे कोणाच्या मनात सहसा येत नसे.

विलेब्रांड ह्यांनी ठरीव समजुतीवर न विसंबता त्या मुलीचे रक्त तपासले. रक्त थांबण्याचे काम दोन टप्प्यांनी होते. प्रथम रक्तातील बारीक चकत्या, ज्यांस प्लेटलेट म्हणतात, त्या फाटलेल्या नसेच्या तोंडाशी चिकटून बूच बसवितात. आणि नंतर रक्त गोठून ते बूच पक्के होते. हीमोफिलियात दुसरा टप्पा बिघडतो. ह्या मुलीच्या बाबतीत काचेच्या नळीत घेतलेले रक्त वेळेवर गोठत होते, चकत्यांची संख्याही पुरेशी होती. परंतु सुईने लहानसे टोचले असता जे रक्त काही मिनिटांत थांबावयाचे, ते थांबता थांबत नसे. म्हणजे बिघाड पहिल्या टप्प्यात होता. हा हीमोफिलिया नव्हे, हे त्यांनी ताडले.

नंतर त्यांनी त्या घराण्याची वंशावळ जुळविली. कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाची मुलगी, कोणास नाकातून रक्त येई, कोणती बाई बाळंतपणात वारली, कोणती मासिक स्रावाने झिजली, ही सर्व माहिती त्यांनी गोळा केली. एकंदर ६६ माणसांची माहिती मिळाली व त्यांपैकी २३ जणांस हा विकार असल्याचे आढळले; आणि त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियाच अधिक होत्या. ही गोष्ट त्या काळच्या समजुतीच्या अगदी उलट होती. १९२६ साली त्यांनी आपला शोध स्वीडिश भाषेत प्रसिद्ध केला, आणि त्या रोगास आनुवंशिक खोटा हीमोफिलिया अशा अर्थाचे नाव दिले. १९३१ साली तोच विषय त्यांनी जर्मन भाषेत मांडला, तेव्हा इतर देशांतील विद्वानांचे लक्ष तिकडे गेले. १९३३ साली जर्मनीतील डॉ. जर्गेन्स ह्यांच्यासह त्यांनी ह्या रोगावर आणखी एक निबंध लिहिला. दोष प्लेटलेटांत व नसांच्या भिंतींत असावा, असे त्यांचे मत होते. हे मत पुढे पुरते खरे ठरले नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यांनी रोग बरोबर ओळखला. मूळ मात्र त्यांच्या हाती लागले नाही.

आता त्या मुलीचे काय झाले ते सांगावयाचे आहे, व ते सांगताना आमची लेखणी जड होते. बालपणच्या जखमांतून ती वाचली. पुढे ती वयात आली. इतर मुलींस जी गोष्ट स्वाभाविक, तीच तिच्या जिवावर बेतली. चौथ्या मासिक पाळीत रक्त थांबेना, आणि त्यातच तिचा अंत झाला. तेव्हा तिला पंधरा वर्षेही पुरी झाली नव्हती. रोगाला नाव मिळाले होते, परंतु औषध मिळाले नव्हते.

१९३० साली विलेब्रांड ह्यांस प्रोफेसर ही सन्मानाची पदवी मिळाली. स्वभावाने ते फार विनयशील होते व आपल्या शोधाविषयी फारसे बोलत नसत. निसर्गाची आवड त्यांनी वृद्धपणीही सोडली नाही. १२ सप्टेंबर १९४९ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षात, पेर्ना येथे त्यांचे देहावसान झाले. ज्या रोगाचा त्यांनी इतका पाठपुरावा केला, त्याचे खरे कारण त्यांस आपल्या हयातीत कळले नाही.

ते कारण थोड्याच वर्षांत कळले. १९५७ साली स्वीडनमधील इंगा मारी निल्सन, मार्गारेटा ब्लोम्बेक व त्यांचे सहकारी ऑलंड बेटांवर गेले व त्यांनी त्याच घराण्यातील रोग्यांस तपासले. निरोगी माणसाच्या रक्तातील पाण्यासारख्या भागापासून काढलेले एक द्रव्य ह्या रोग्यांच्या शरीरात घातले असता रक्त थांबू लागले. ह्यावरून प्लेटलेट निर्दोष असून रक्तरसातील एक पदार्थ उणा आहे, असे सिद्ध झाले. तो पदार्थ म्हणजे जणू काय खळ. तो प्लेटलेटांस फाटलेल्या नसेशी चिकटवितो, आणि रक्त गोठविणाऱ्या दुसऱ्या एका द्रव्याचे रक्षणही करतो. त्या पदार्थास विलेब्रांड ह्यांचे नाव देण्यात आले, व रोगासही तेच नाव पडले.

ह्या चरित्रापासून आमच्या वाचकांस, विशेषतः गावोगाव फिरणाऱ्या उपदेशकांस व त्यांच्या पत्नींस, काय घेता येईल? पहिली गोष्ट ही की, किती रक्त जाणे स्वाभाविक व किती अस्वाभाविक, हे प्रत्येक घरी माहीत असावे. निरोगी स्त्रीचे एका पाळीत साधारणपणे ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे, रक्त जाते. १९६६ साली स्वीडनमध्ये झालेल्या पाहणीवरून ८० मिलिलिटरच्या वरचा स्राव अधिक समजू लागले. घरी कोणी मोजीत नाही, म्हणून खुणा सांगतो. सात दिवसांहून अधिक जाणे. एक-दोन तासांत घडी भिजून बदलावी लागणे. रात्री उठून बदलावी लागणे. मोठाल्या गुठळ्या पडणे. चक्कर, धाप व चेहऱ्यावर पांढुरकेपणा येणे. ह्यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरास दाखवावे. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा नवराबायकोच्या संबंधानंतर रक्त दिसले, अथवा पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर एक दिवसही टाळू नये. कारण ते कधी कधी कर्करोगाचे चिन्ह असते. पाळी चुकल्यानंतर पोटात दुखून रक्त जाऊ लागले, तर गर्भ भलत्या ठिकाणी राहिला असण्याचा संभव असतो. अशा बाईस त्याच घटकेस दवाखान्यात न्यावे.

दुसरी गोष्ट ही की, कारणे अनेक असतात. गर्भाशयात गाठ किंवा मस्सा असतो. गर्भाशयाच्या भिंतीतच अस्तर वाढते. स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही, व हे वयात येताना आणि पाळी जाण्याच्या सुमारास पुष्कळ घडते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंदावते. काही औषधांनीही स्राव वाढतो. आणि रक्ताचाच दोष असतो, तो विलेब्रांड ह्यांनी दाखविलेला. फार रक्त जाणाऱ्या स्त्रियांत हा एकच दोष निरनिराळ्या पाहण्यांत शंभरी ५ पासून २० पर्यंत आढळला आहे. बहुतेकींत तो सौम्य असतो व म्हणूनच ध्यानात येत नाही. पहिल्या पाळीपासूनच फार जाणे, नाकातून वारंवार रक्त येणे, दात काढल्यावर रक्त न थांबणे, बाळंतपणात फार रक्त जाणे, व आईस किंवा मावशीस असेच होणे, ही त्याची लक्षणे होत. अशी हकीकत असेल तर डॉक्टरांस आपण होऊन सांगावी. आपल्याकडे परळ येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था आहे. तेथे अशा तपासण्या होतात.

तिसरी गोष्ट, उपाय आहेत. गेलेल्या रक्ताची भर लोहाच्या गोळ्यांनी होते. ह्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, व बरे वाटले म्हणून लगेच सोडू नयेत. १९६२ साली जपानातील ओकामोटो पतिपत्नींनी ट्रानेक्झामिक ॲसिड नावाचे औषध जगापुढे आणिले; बाळंतिणींचे प्राण वाचावेत, हीच त्यांची तळमळ होती. ते स्रावाच्या दिवसांतच डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाचे असते. ज्यांच्या नसांत पूर्वी गुठळी झाली आहे त्यांनी ते आपल्या मनाने घेऊ नये. संप्रेरकांच्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसवावयाचे व हळूहळू संप्रेरक सोडणारे एक लहान साधन फिनलंडातच तयार झाले, व १९९० साली तेथे प्रथम वापरात आले. त्याने स्राव पुष्कळ कमी होतो. विलेब्रांडच्या रोगावर १९७७ सालापासून डेस्मोप्रेसिन हे औषध वापरीत आहेत, व तीव्र रोगात उणा असलेला पदार्थच शिरेतून देता येतो. अशा रोग्याने अंगदुखीवर ॲस्पिरिन घेऊ नये, कारण त्याने रक्त अधिक वाहते.

येथे एक इशारा देणे आम्हांस अवश्य वाटते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांत, पुष्कळ तरुण वयातच, गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया फार झाल्याचे उघडकीस आले, व महाराष्ट्र सरकारने चौकशीस समिती नेमली. कामाचा दिवस बुडतो, खाडा पडतो, दंड भरावा लागतो, आणि जवळ औषध नाही. अशा अडचणीत सापडलेल्या बायांनी पिशवी काढून घेतली. काही दुखण्यांत ही शस्त्रक्रिया करावीच लागते. परंतु तो शेवटचा उपाय होय, पहिला नव्हे. रक्ताचाच दोष असेल, तर पिशवी काढूनही दोष राहतोच, आणि तपासल्यावाचून केलेल्या शस्त्रक्रियेत प्राणही जाऊ शकतो. म्हणून कोणी पिशवी काढावयास सांगितले, तर आधी दुसऱ्या डॉक्टरास विचारावे.

चौथी गोष्ट लग्नासंबंधाने. विलेब्रांडच्या रोगाचा सौम्य प्रकार आईबापांपैकी एकाकडूनही येतो. परंतु अत्यंत तीव्र प्रकार दोघांकडूनही दोष आला असता होतो, जसा त्या बेटावरील मुलीस झाला. आमच्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची चाल आहे. ज्या घराण्यात असा विकार दिसतो, तेथे जवळच्या नात्यात सोयरीक करण्यापूर्वी वडील मंडळींनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुलीचा त्यात अपराध नाही, व तिला दोष लावणे अन्याय होय.

शेवटी एवढेच लिहितो. विलेब्रांड ह्यांनी फार मोठे यंत्र वापरले नाही. त्यांनी सुईने टोचले, घड्याळ पाहिले आणि एका दुःखी आईची सर्व हकीकत ऐकून घेतली. पहिली दोन कामे डॉक्टरांची आहेत. तिसरे आम्ही सर्वांनी करण्याजोगे आहे. घरची मुलगी पाळीच्या दिवसांत कोपऱ्यात निजून राहते, शाळा बुडविते, पांढरी पडते, तर आईने तिला जवळ घेऊन विचारावे. बापाने लाज न धरता दवाखान्याचे भाडे काढून द्यावे. आणि उपदेशकाने, ज्या घरी विचारावयास आई नाही, तेथे आपल्या पत्नीस पाठवावे.